महापंडित राहुल सांकृत्यायन : ग्रंथांसाठी तिबेटची वाट

दरवर्षी १४ एप्रिल रोजी लातूर-नांदेडच्या वस्त्यावस्त्यांतून परमपूज्य बाबासाहेबांची जयंती साजरी होते. त्याच तारखेला, १९६३ साली, दार्जिलिंग येथे महापंडित राहुल सांकृत्यायन यांचे निधन झाले, याचे स्मरण मात्र आपल्याकडे फारसे होत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली जो धम्म आपल्या हाती दिला, त्या धम्माचे भारतातून नाहीसे झालेले अनेक ग्रंथ या पुरुषाने तिबेटात जाऊन शोधून काढले. धम्माच्या नावाने चालणाऱ्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र यावे, हे आम्हांस उचित वाटते.

राहुलजींचा जन्म ९ एप्रिल १८९३ रोजी उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्यात पंदहा या आजोळच्या गावी झाला. मूळ नाव केदारनाथ पांडे. आई लवकर गेली आणि आजोळीच ते वाढले. आजोबांनी फौजेत शिपाईगिरी केली होती. त्यांच्या तोंडून दूरच्या मुलखांच्या गोष्टी ऐकत या मुलाला भटकंतीची ओढ लागली. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच त्यांचे लग्न लावून देण्यात आले. ते त्यांनी कधी मानले नाही आणि घर सोडले. मात्र त्या नकाराची किंमत घरी राहिलेल्या स्त्रीने मोजली, हेही चरित्र लिहिणाऱ्याने नोंदविले पाहिजे.

पुढील पंधरा वर्षे त्यांच्या मनाची वाट सतत बदलत गेली. बिहारमधील परसा मठात ते वैष्णव साधू झाले. तेथील कर्मकांडाला कंटाळून आर्य समाजात गेले. असहकाराच्या चळवळीत उतरून तुरुंगवास भोगला. १९२७ साली श्रीलंकेतील केलनिया येथील विद्यालंकार परिवेणात ते संस्कृत शिकविण्यासाठी गेले आणि तेथे स्वतः पाली शिकले. त्रिपिटक वाचताना त्यांना आपला मार्ग गवसला. जन्माने ब्राह्मण असलेला हा विद्वान बुद्धाकडे आला तो विचार करून, वाचून.

वाचता वाचताच त्यांना एक मोठी उणीव जाणवली. नागार्जुन, असंग, वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती या आचार्यांची नावे सर्वत्र येत. परंतु त्यांचे बहुतेक ग्रंथ भारतात उरले नव्हते. आपल्या शेजारच्या तेर येथे उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले. अजिंठा-वेरूळची लेणी आजही उभी आहेत. पण त्या विहारांतील भिक्खू ज्या पोथ्या वाचत असतील, त्यांचे एक पानही तेथे राहिले नाही. दगड टिकला, ग्रंथ गेले. नालंदा, विक्रमशीला ही महाविद्यापीठे उद्ध्वस्त झाल्यावर उत्तरेतही तेच घडले. सुदैवाने त्याआधीच शांतरक्षित, अतिश दीपंकर यांच्यासारखे आचार्य हिमालय ओलांडून गेले होते. तिबेटी पंडितांनी पिढ्यानपिढ्या बसून या ग्रंथांची भाषांतरे केली. बुद्धवचनांचा संग्रह तो कंजुर आणि आचार्यांच्या ग्रंथांचा संग्रह तो तंजुर. मूळ ताडपत्रेही काही मठांत असावीत, असा राहुलजींचा कयास होता.

परंतु तिबेटात जाणे सोपे नव्हते. परक्यांना तेथे मज्जाव होता आणि नेपाळमधूनही भारतीयाला उघडपणे पुढे जाता येत नसे. १९२९ साली शिवरात्रीच्या यात्रेच्या गर्दीतून राहुलजी नेपाळात शिरले, काही काळ लपून राहिले आणि पुढे भिकाऱ्याच्या वेषात निघाले. वाटेत सुमती नावाचा मंगोल भिक्षू त्यांचा सोबती झाला. सोळा-सतरा हजार फूट उंचीची थोङ्‌ला खिंड म्हणजे दरोडेखोरांचे ठाणेच. तेथे आधी माणूस मारायचा आणि मग त्याच्याजवळ पैसे आहेत का ते पाहायचे, अशी रीत. संशयित माणूस दिसला, की राहुलजी टोपी काढून, जीभ बाहेर काढून, दयेची याचना करीत भीक मागू लागत. भिकाऱ्याला कोण लुटणार? एकदा त्यांचे मंद घोडे मागे पडले, वाटही चुकली. मुक्कामावर वाट पाहणाऱ्या सुमतींनी चहा पुन्हा पुन्हा गरम करण्यात गोवऱ्या जाळल्या होत्या. ते संतापले आणि तितक्याच लवकर शांतही झाले.

या प्रवासात त्यांनी जे तिबेटी लोकजीवन पाहिले, ते आपण लक्षपूर्वक वाचावे असे आहे. तेथे जातपात नव्हती, शिवाशिव नव्हती, स्त्रियांना पडदाही नव्हता. चोरीच्या भीतीने अगदी हलक्या भिकाऱ्यांना तेवढे लोक दाराबाहेर ठेवीत; एरवी अनोळखी वाटसरूही थेट घरात जाई आणि आपल्याजवळचा चहा घरच्या सासूकडे किंवा सुनेकडे देई. ती लोणी, मीठ आणि सोडा घालून तो घुसळून देई. पाणवठ्यावर आणि चुलीपाशी माणसाची जात विचारणाऱ्या देशातून गेलेल्या प्रवाशाने हे लिहून ठेवले आहे. पण त्यांनी तेथील दोषांवर पांघरूण घातले नाही. जमीन जहागीरदारांची, त्यातही मोठा वाटा मठांचा; शेती वेठीच्या मजुरांकडून करून घेतली जाई आणि तिच्या देखरेखीला आलेला भिक्षू गावाला राजासारखा वाटे. निजामी राजवटीत वेठ सोसलेल्या आमच्या वाडवडिलांना हे चित्र परके वाटले नसते. धम्माचा देश आहे म्हणून अन्यायाकडे डोळेझाक करायची नाही, हा राहुलजींचा बाणा होता.

आणखी एक गंमत त्यांनी नोंदविली आहे. भिकाऱ्याच्या वेषात गेले, तेव्हा एका गावात सुमतींच्या ओळखीने त्यांना चांगली जागा मिळाली. पाच वर्षांनी त्याच गावी ते घोड्यावर बसून, सभ्य प्रवाशाच्या थाटात आले. संध्याकाळी छंग पिऊन लोक आपल्याच तंद्रीत होते. कोणी थारा दिला नाही. शेवटी गावातल्या सर्वांत गरीब झोपडीत ते उतरले.

शेकर येथील मंदिरात कंजुरच्या १०३ हस्तलिखित पोथ्या होत्या. जाड कागदावर सुंदर अक्षरांत लिहिलेली एकेक पोथी पंधरा शेरांहून कमी भरत नसे. राहुलजींचे आसन त्या पोथ्यांमध्येच मांडले गेले. सुमतींना यजमानांच्या गावी जायचे होते. राहुलजींनी त्यांना खुशाल जाऊ दिले आणि स्वतः वाचनात बुडून गेले.

ल्हासात काही महिने राहून, श्रीलंकेहून आलेल्या पैशांतून त्यांनी पोथ्या व पटचित्रे विकत घेतली आणि खेचरांच्या पाठीवर लादून भारतात आणली. तो संग्रह पुढे पाटण्याच्या संग्रहालयात विसावला. १९३० साली केलनियात त्यांनी भिक्षुदीक्षा घेतली आणि राहुल सांकृत्यायन हे नाव धारण केले. त्यानंतर १९३४, १९३६ आणि १९३८ असे आणखी तीन वेळा ते तिबेटात गेले. गेंदुन छोम्फेल हा तिबेटी पंडित त्यांचा सहकारी होता. साक्य, ङोर, शलु या मठांतून ताडपत्रांवरील मूळ संस्कृत पोथ्या निघाल्या. साक्य मठात तर वर्षानुवर्षे बंद असलेले ग्रंथागार त्यांच्यासाठी उघडण्यात आले. या पोथ्या मठांच्या ठेव्यातील. त्या आणणे शक्य नव्हते. तेव्हा काही हाताने उतरून घेतल्या, काहींची छायाचित्रे काढली.

त्या छायाचित्रांनी पुढे महाराष्ट्रातही काम केले. पुण्याचे तिबेटी भाषेचे अभ्यासक वा. वि. गोखले यांनी १९४६ साली वसुबंधूच्या अभिधर्मकोशातील मूळ कारिका प्रसिद्ध केल्या, त्या याच शोधाच्या आधारे. धर्मानंद कोसंबींचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी गोखल्यांसह विद्याकर या बौद्ध पंडिताचा सुभाषितरत्नकोश १९५७ साली संपादित केला, तोही ङोर मठातील पोथीच्या छायाचित्रांवरून.

सर्वांत मोलाचा लाभ म्हणजे सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्तींचे प्रमाणवार्तिक आणि त्यावरील टीका. राहुलजींनी ते संपादून प्रसिद्ध केले. धर्मकीर्तींनी ग्रंथप्रामाण्य, सृष्टिकर्त्यावरील विश्वास, स्नानाने पुण्य मिळते ही समजूत, देहदंडाने पाप जाते ही कल्पना आणि जातीचा अभिमान यांची गणना बुद्धीच्या जडतेच्या लक्षणांत केली आहे. जातीविरुद्ध उठलेला हा आवाज तेराशे वर्षांपूर्वीचा, भारताचा, बौद्ध परंपरेचा. आणि तो आपल्याला परत मिळाला हिमालयापलीकडून.

पुढे राहुलजींनी चीवर उतरविले आणि ते साम्यवादाकडे वळले. १९३९ साली बिहारमध्ये अमवारीच्या शेतकऱ्यांच्या लढ्यात त्यांनी डोक्यावर लाठी झेलली, पुन्हा तुरुंग पाहिला. बाबासाहेबांनी १९५६ साली काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून बुद्धाचा मार्ग श्रेष्ठ ठरविला. राहुलजींनी दोघांनाही जवळ ठेवले. हा मतभेद खरा आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. परंतु मज्झिम निकाय, विनयपिटक यांची त्यांची हिंदी भाषांतरे, तसेच त्यांचे सहकारी भदंत आनंद कौसल्यायन यांनी नागपूरला राहून केलेले धम्मकार्य, यांचे ऋण आपल्या चळवळीवर आहे. अखेरच्या काळात राहुलजींची स्मृती गेली. उपचारांसाठी त्यांना सोव्हिएत संघात नेले, पण गुण आला नाही.

माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे आम्ही एकच गोष्ट ठेवू इच्छितो. तिबेटी लोकांनी ग्रंथांना रेशमी वस्त्रात गुंडाळले, उंच जागी ठेवले, नमस्कार केला. म्हणून ते टिकले. पण संस्कृत जाणणारा तेथे कोणी उरला नाही, तेव्हा तीच ताडपत्रे धुळीत मुकी पडून राहिली. त्यांना बोलते करण्यासाठी वाचणारा माणूस यावा लागला. आज आपल्या घरोघरी, विहाराविहारांत बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आहेत. त्यांवर हार आहेत, पुढे मेणबत्ती आहे. तो आदर योग्यच आहे. पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर घरी परतल्यावर त्यांतला एक खंड उघडून मुलांसोबत दहा पाने वाचली, तर ती बाबासाहेबांना खरी मानवंदना ठरेल आणि त्याच दिवशी गेलेल्या या ग्रंथयात्रिकालाही.