दुष्काळांत पोरकी झालेली मुलगी : पंडिता रमाबाई यांचें चरित्र

महोत्सवाच्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें किंवा धर्मवीराचें चरित्र वाचावयास मिळेल, अशी वाचक बंधुभगिनींची अपेक्षा असणें साहजिक आहे. पंडिता रमाबाई या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेंतील नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडांत अँग्लिकन पंथांत झाला, आणि पुढें त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटींत फारशा रमल्या नाहींत. तरीहि त्यांचें चरित्र येथें देण्याचें योजिलें आहे, त्यास कारण आहे. पीक बुडालें, देणें चढलें आणि घरचा कर्ता पुरुष हाय खाऊन गेला, अशीं घरें आपल्या घाटंजीच्या परिसरांत नवीन नाहींत. त्या घरांतील मुलांकडे लोक कींव करून पाहतात, आतां यांचें कसें व्हावयाचें असें म्हणतात, आणि आपल्या वाटेनें जातात. तशाच एका मुलीचें पुढें कसें झालें, तें सांगावें एवढाच येथें हेतु आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या घाटांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. हें स्थळ आज कर्नाटकांत आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृताचे मोठे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा तो काळ; परंतु शास्त्रीबोवांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या शिकविली. त्यावरून आप्तांचा व पंडितांचा रोष झाला, तेव्हां त्यांनीं अरण्यांत आश्रम थाटला. आल्यागेल्या यात्रेकरूस व विद्यार्थ्यास अन्न घालतां घालतां कर्ज झालें, आणि रमा अवघी कांहीं महिन्यांची असतांना सर्व कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडलें. तिला एका पेटाऱ्यांत घालून माणसाच्या डोक्यावरून नेलें. त्या दिवसापासून पुढें वीस वर्षें तिला स्वतःचें असें घर नव्हतें.

देवळाच्या ओवरींत बसून पुराण सांगावें, भाविक जें देतील त्यावर दिवस काढावा, आणि मग पुढचें क्षेत्र गांठावें, असा क्रम चालला होता. शाळा नाहीं, सोबतीण नाहीं. पण पहाटे आई तिला उठवी आणि मांडीशीं घेऊन श्लोक म्हणवून घेई. भागवताचे अठरा हजार श्लोक तिनें याच रीतीनें मुखोद्गत केले. लक्ष्मीबाईंजवळ मुलीस देण्याजोगें दुसरें कांहीं नव्हतें. जें होतें तें त्यांनीं रोज न चुकतां दिलें. मोठेपणीं सभा जिंकणारी जी वाणी सर्वांनीं वाखाणिली, तिचें मूळ त्या ओवऱ्यांत आहे.

पुढें १८७४ पासून दक्षिणेंत दुष्काळाचीं वर्षें आलीं. वडील वृद्ध व अंध झालेले, पुराण ऐकावयास कोणी नाहीं, आणि ऐकलें तरी देण्यास कोणाजवळ दाणा नाहीं. भांडीं गेलीं, दागिने गेले, अंगावरचीं चांगलीं वस्त्रें गेलीं. कुलाचा अभिमान असा कीं, मजुरी करावयाची नाहीं व भीकहि मागावयाची नाहीं. शेवटचा तांदूळ संपला तेव्हां सर्वजण तिरुपतीजवळच्या अरण्यांत गेले आणि अकरा दिवस झाडाचा पाला व रानफळें खाऊन राहिले. शास्त्रीबोवांनीं पाण्यांत देह ठेवण्याचा निश्चय केला. त्या वेळीं थोरला मुलगा श्रीनिवास पुढें आला. जातीचा सर्व ताठा सोडून आपण पडेल तें काम करूं आणि आईबापांस पोसूं, असें त्यानें सांगितलें. वडिलांनीं निश्चय सोडला. मला वाटतें, या चरित्रांतील खरें वळण येथेंच आहे. कलकत्त्याच्या सभेंत नव्हे, कीं विलायतेंतहि नव्हे. मरणाहून मजुरी बरी, हें एका मुलानें वेळेवर उच्चारलें.

वडील मात्र वांचले नाहींत. थोड्याच आठवड्यांत आई तापानें अंथरुणास खिळली. तिनें खावयास मागितलें म्हणून रमा शेजारच्या ब्राह्मण बाईकडे भाकरीचा तुकडा मागावयास गेली. पण मागण्याची संवय नसल्यामुळें तोंडांतून शब्द फुटेना, नुसते डोळे भरून आले. अखेर भाकरी मिळाली, ती घेऊन ती धांवत आली, तों आईस घांस घेण्याचें भान उरलें नव्हतें. आई गेली. प्रेतास खांदा द्यावयास पुरेशीं माणसेंहि मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली. उरलेला भार भावानें व बहिणीनें उचलला. रमा ठेंगणी, तिचा खांदा पुरेना, म्हणून तिनें तो डोक्यावर घेतला. पुढें थोरली बहीण कृष्णाबाई हीहि गेली. सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ, एवढींच दोघें मागें राहिलीं.

हीं दोघें हजारों मैल पायीं हिंडलीं. भावास कधीं काम मिळालें तर महिना चार रुपये. नाहीं तर भिजविलेलें धान्य आणि मीठ. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी सोसवेना, तेव्हां वाळूंत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनीं रात्र काढली. इतकें हिंडूनहि पाठांतर सुटलें नाहीं, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे.

१८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं परीक्षा घेतली आणि या वीस वर्षांच्या मुलीस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. येथें कोणासहि वाटेल कीं दुःख संपलें. तें संपलें नाहीं. १८८० सालीं श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं जातीबाहेर विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, आणि स्वजातीनें वाळीत टाकलेली, अशा स्थितींत त्या पुण्यास आल्या. आल्या वर्षींच त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनापुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर हवेत असें सांगितलें.

विलायतेची हकीकत थोडक्यांत सांगतों. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहिल्या. पतित स्त्रियांस त्या भगिनी ज्या मायेनें वागवीत तें पाहून, आणि प्रभु येशू ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून, त्यांचें मन वळलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर होण्याची इच्छा ऐकूं कमी येत असल्यामुळें सोडावी लागली. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या अमेरिकेंत गेल्या. तेथें पुस्तक लिहून व व्याख्यानें देऊन त्यांनीं बालविधवांच्या गृहासाठीं साहाय्य मिळविलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील आरंभींच्या विद्यार्थिनींपैकीं होत. सदन पुण्यास आल्यावर धर्मांतराचा वाद पेटला. केसरीनें कडक टीका केली. रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें. कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. टीका करणारे सर्वच दुष्ट नव्हते, हेंहि न्यायानें म्हटलें पाहिजे; परंतु ज्या मुलींस परत नेलें त्यांच्या वांट्यास काय आलें, याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि तो आपल्या वऱ्हाडालगतच्या मध्यप्रांतांत. पुण्यास बातमी येतांच रमाबाईंस आपलें अरण्य, आपली आई, तो भाकरीचा तुकडा, सारें आठवलें. हातीं फारसा पैसा नव्हता. तरी त्या निघाल्या. दुष्काळी कामांवर व अनाथगृहांभोंवतीं हाडांचे सांपळे झालेल्या मुली त्यांनीं पाहिल्या, आणि त्या मुलींस फुसलावून नेण्यास टपलेलीं माणसेंहि पाहिलीं. स्वतः उपाशी राहिलेल्या माणसास दुसऱ्याची उपासमार पाहवत नाहीं असें आपण म्हणतों. पण पुष्कळदां असें माणूस आपलें दार घट्ट लावून घेतें, हेंहि खरें आहे. रमाबाईंनीं दार उघडें टाकलें. तीनशेच्या सुमारास मुली त्यांनीं आणिल्या. पुण्यांत प्लेगाच्या निर्बंधांमुळें इतक्या जणींस ठेवतां येईना, म्हणून केडगांवच्या शेतावर झोंपड्या घालून त्यांची सोय केली. तेंच मुक्तिसदन. १८९९-१९०० च्या दुष्काळांत, ज्यानें वऱ्हाडहि होरपळला, गुजराथेकडूनहि मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

या मुलींस नुसतें अन्न देऊन त्या थांबल्या नाहींत. शेती, गुरांची निगा, विणकाम, तेलाचा घाणा, रुग्णसेवा, छापखान्यांतील खिळे जुळविणें, असें ज्या मुलीस जें जमेल तें शिकविलें. आंधळ्या मुलींसाठीं मनोरमेनें ब्रेल लिपी आणिली. ज्यांस बाजारांत फसविलें गेलें होतें, अशा स्त्रियांसाठीं कृपासदन निराळें काढलें.

उतारवयांत रमाबाईंनीं पवित्र शास्त्र खेड्यांतील बाईस समजेल अशा सोप्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. त्यासाठीं त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. छपाई केडगांवच्या मुलींनींच केली. १९१९ सालीं सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा वारली. जिच्या हातीं सर्व कारभार सोंपवावयाचा होता तीच गेली. बाईंनीं अनुवादाचें काम सोडलें नाहीं. तें पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं छापून बाहेर पडला. त्यांतील पुष्कळ पानांचे खिळे ज्यांनीं जुळविले, त्यांतल्या कित्येकींस दुष्काळाच्या सालीं आपलें नांवहि लिहितां येत नव्हतें.