सरवा वेचणाऱ्या बायांचे चित्रकार : मिले

जाँ फ्रांस्वा मिले हे फ्रान्स देशातील थोर चित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८१४ रोजी नॉर्मंडी भागातील ग्रुशी या समुद्रकाठच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. ते थोरले चिरंजीव. त्यामुळे लहानपणापासून शेतीची कामे त्यांच्या अंगावर पडली.

वडिलांनी मुलाच्या हातातली कला ओळखली व त्याला शेरबूर शहरी चित्रे शिकायला पाठवले. १८३५ साली वडील वारले. मिले शेती सांभाळायला घरी परतले, पण आजीने ऐकले नाही. तिने त्यांना पुन्हा शिकायला धाडले. १८३७ साली शिष्यवृत्ती मिळाली अन् ते पॅरिसला गेले. पुढे १८४९ साली ते बार्बिझाँ या खेड्यात बिऱ्हाड घेऊन गेले. मुले नऊ, आणि पैशाची सदा ओढाताण.

१८५७ साली त्यांनी आपले प्रसिद्ध चित्र प्रदर्शनात ठेवले. कापणी झालेल्या शेतात तीन गरीब बाया पडलेल्या गव्हाच्या ओंब्या वेचत आहेत. आपल्याकडे यालाच सरवा वेचणे म्हणतात. दोघी कमरेत पार वाकल्या आहेत, तिसरी अर्धवट वाकली आहे. मागे लांबवर मोठमोठ्या सुड्या, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला मुकादम दिसतो. पण बरं का, सुगीचे ते सारे वैभव चित्रात लहान आहे आणि सरवा वेचणाऱ्या बाया मोठ्या आहेत!

हे पुष्कळ बड्या लोकांना रुचले नाही. १८४८ ची क्रांती होऊन नऊच वर्षे झाली होती. हा माणूस गरिबांना चिथावतो, अशी टीका झाली. तरीही मिले शेतकरी-मजुरांचीच चित्रे काढत राहिले. २० जानेवारी १८७५ रोजी ते बार्बिझाँ येथे वारले.

१८८९ साली त्यांचे दुसरे एक चित्र लिलावात ५ लाख ५३ हजार फ्रँकला गेले. त्या चित्रात एक शेतकरी जोडपे संध्याकाळी शेतात उभे राहून प्रार्थना करते. त्या पैशातला वाटा मिले यांच्या कुटुंबाला मिळाला नाही, कारण तसा कायदाच नव्हता. तो फ्रान्समध्ये १९२० साली झाला. चित्र पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा मिळू लागला.

सरवा वेचणाऱ्या त्या तिघी आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. मित्रांनो, चित्र काढायला राजा-राणीच लागतात असे नाही. शेतात राबणारी आपली आईसुद्धा चित्रात शोभून दिसते.