अनुताई आणि दुधाचे दात

अनुताई वाघ कोण, हे डहाणू तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालवली, बालवाडीसाठी अख्खं आयुष्य वेचलं, त्यांना पद्मश्री मिळाली, एवढं आपल्या सगळ्यांना पाठ असतं. पण मैत्रिणींनो, माझ्यासारख्या दातांच्या डॉक्टरला त्या वारंवार का आठवाव्यात? कारण आमच्या व्यवसायापुढे आज जो सगळ्यात अवघड प्रश्न आहे, तोच प्रश्न त्यांच्यापुढे शाळेच्या रूपानं उभा राहिला होता. आणि त्यांनी तो सोडवून दाखवला!

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. संसार म्हणजे काय हे कळायच्या आतच तो संपला. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांकडून आपण ऐकलेलं आहे. स्वयंपाकघराचा कोपरा आणि जन्मभराचं मिंधेपण! अनुताईंनी मात्र पुस्तक हातात धरलं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेसारख्या नावाजलेल्या शाळेत नोकरीला लागल्या. नोकरी करता करता पुढचं शिक्षणही चालू ठेवलं. एकट्या बाईला आणखी काय हवं असतं? मानाची नोकरी, शहरातलं बिऱ्हाड, स्वतःच्या कमाईचा पगार.

पण १९४५ साली ग्रामसेविकांच्या शिबिराच्या निमित्तानं त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई म्हणजे बालशिक्षणातलं मोठं नाव. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केलं होतं आणि दादरला शिशुविहार सुरू केलं होतं. शहरातल्या मुलांसाठी बालमंदिरं झाली, आता खेड्यातल्या मुलांचं काय, हा विचार ताराबाईंच्या मनात होता. त्यासाठी त्यांनी आपल्या डहाणू तालुक्यातलं बोर्डी निवडलं. पस्तिशीतल्या अनुताई पुण्याची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर आल्या आणि इथल्याच झाल्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुलं काही तिथवर येईनात. दुसरं कुणी असतं तर या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही म्हणून मोकळं झालं असतं. ताराबाई-अनुताईंनी तसं केलं नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या शब्दाचं मूळ या वस्तीतल्या अंगणात आहे.

१९५६-५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आलं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. इथली अडचण आणखी वेगळी. मोठी मुलं गुरं राखायला जायची आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरायच्या. आई-बाप मजुरीला गेल्यावर घर बघणार कोण? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आली. बहिणीनं भावंडाला पाळण्यात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. या सगळ्याला विकासवाडी असं नाव होतं. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतील तिथेच शाळा! महागडी साधनं आणायला पैसे नव्हते, तर बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हीच साधनं झाली.

आणि या शाळेचा पहिला तास कसला असायचा? स्वच्छतेचा. हात-तोंड धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी आणि गोष्टी. मुलाला नुसतं स्वच्छ राहा म्हणून सांगून भागत नाही, त्याच्याबरोबर बसून रोज करावं लागतं, हे या बायकांना पक्कं ठाऊक होतं.

आता आमच्या दवाखान्याकडे या. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. दरवर्षी हजारो नवे डॉक्टर बाहेर पडतात. मुंबई-ठाण्याला गल्लीगल्लीत दातांचा दवाखाना दिसतो. शिक्षणाचा खर्च मोठा, खुर्ची आणि यंत्रं महाग, म्हणून जो तो शहर गाठतो. एकीकडे शहरात पेशंट मिळत नाहीत म्हणून डॉक्टर हवालदिल, तर दुसरीकडे पाड्यातल्या माणसाला डॉक्टर दिसत नाही, अशी आमच्या व्यवसायाची गत आहे. तलासरीच्या आतल्या पाड्यातून दातासाठी यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, शिवाय गाडीभाडं. कीड मुळापर्यंत गेली असेल तर दात वाचवायला दोन-तीन खेपा कराव्या लागतात. तेवढ्या खेपा कुणाला परवडणार? त्यात दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात. मग पेशंट म्हणतो की काढूनच टाका. वाचण्यासारखा दात काढून हातात ठेवताना मला फार वाईट वाटतं. पण चूक त्या माणसाची नसते, हे मला अनुताईंच्या चरित्रानं शिकवलं. तो का येऊ शकत नाही, ते आधी विचारायला हवं.

दुखलं की दवाखाना, हे तर शहरातही चालतं. पण दात दुखायला लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कीड लागायला सुरुवात होते तेव्हा दुखत नाही. आम्ही खुर्ची मांडून वाट बघत बसलो, तर आमच्यापर्यंत फक्त शेवटची पायरीच येणार. म्हणून अनुताईंसारखं अंगणात जायला हवं. सरकारनं २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला, तो याच गरजेतून. पण कुठलीही योजना घराच्या मोरीपर्यंत पोचवणारी असते ती आई, आजी आणि अंगणवाडीताई.

म्हणून थोडं तुमच्याशीच बोलते. दुधाचे दात पडणारच, मग कशाला जपायचे, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण हे वीस दात पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात. ते किडले की मूल नीट चावत नाही, जेवत नाही, वजन धरत नाही. जिथे आधीच कुपोषणाचं संकट आहे, तिथे दुखरी दाढ ही काही छोटी गोष्ट नव्हे! साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे आईला ती दुधाचीच वाटते. प्रत्यक्षात ती जन्मभराची दाढ असते आणि दुर्लक्षामुळे तीच लवकर किडते. आज घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचं तोंड उजेडात उघडून बघाच.

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याला महत्त्व जास्त. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं चॉकलेट, बिस्किट, चहा चालू राहिला की तोंडातल्या जंतूंना सतत साखर मिळते, त्यांचं आम्ल तयार होतं आणि दात झिजत जातो. रात्री दुधाची गोड बाटली तोंडात धरून मूल झोपलं तर पुढचे दात आधी जातात. दात पहिला दिसला की ब्रश सुरू करावा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. आणि ब्रश मुलाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही. सहा-सात वर्षांपर्यंत शेवटचा हात आपलाच फिरायला हवा.

आणि तुमच्या स्वतःच्या दातांचं काय? घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर बाईचं, हाच नियम दवाखान्यातही दिसतो. मिशरी लावल्यानं दुखणं थोडा वेळ बधिर होतं, म्हणून ती औषध वाटते. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. तिनं दात सुधारत नाहीत, उलट व्यसन लागतं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मिशरीचा डबा घराघरात आहेच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा. हिरड्यातून रक्त येतं म्हणून ब्रश बंद करू नका, त्यानं त्रास वाढतोच. गरोदरपणात दातांवर उपचार करता येत नाहीत हाही गैरसमज आहे. चौथा ते सहावा महिना त्यासाठी चांगला. फक्त डॉक्टरांना तसं सांगा.

१९७३ साली ताराबाई गेल्या. त्यानंतर कोसबाडचा सगळा भार अनुताईंनी पेलला. वय वाढत होतं, तरी नवं काही सुरू करायची हौस कमी झाली नाही. १९८२ साली प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था सुरू केली. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. बालविधवा म्हणून जिच्या आयुष्याला पूर्णविराम दिला गेला होता, ती बाई हजारो मुलांची आई झाली.

२०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हा झाला. रस्ते झाले, मोबाइल आले, पाड्यावरच्या दुकानात चॉकलेट-वेफर्सच्या माळा लटकू लागल्या. दातांची कीड त्याच रस्त्यानं आली, दातांचा डॉक्टर मात्र अजून पुरता पोचायचा आहे. तो येईल तेव्हा येईल. तोवर गावातल्या अंगणवाडीत जाऊन एवढं तरी विचारूया, की मुलांना जेवल्यावर चूळ भरायला लावता का? नसेल तर उद्यापासून सुरू करायला पाणी आणि पाच मिनिटं पुरतात.