गाडगेबाबा: म्हाताऱ्यांसाठी घाट, पेशंटच्या नातेवाइकांसाठी छप्पर

अकोल्या-अमरावतीकडचा माणूस म्हाताऱ्या बापाला किंवा आईला घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात निघाला, की त्याला पहिला प्रश्न डॉक्टरांचा पडत नाही. पेशंटला एकदाची कॉट मिळते. पण सोबत आलेल्यानं रात्री अंग टाकायचं कुठं, भाकर खायची कुठं, हा प्रश्न आधी पडतो. पैसे संपले की कित्येक जण उपचार अर्धवट टाकून परतीची गाडी धरतात.

हा प्रश्न १९५४ साली एका माणसानं सोडवायला घेतला. त्याला शाळा मिळाली नव्हती, अंगावर चिंध्या होत्या, हातात खराटा होता आणि डोक्यावर मातीचं गाडगं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात त्यानं रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. तोवर त्यानं पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या होत्या. त्या यात्रेकरूंसाठी होत्या, ही दवाखान्यासाठी.

गाडगेबाबांची ओळख स्वच्छतेचे संत अशी झाली आहे. गावोगावच्या शासकीय फलकांवर त्यांच्या हातात झाडू असतो. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. थकलेल्या, मोडलेल्या, लुळ्या-पांगळ्या शरीराचं करायचं काय, या एका प्रश्नाभोवती त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. तो भाग फारसा सांगितला जात नाही.

शेंडगावचा डेबू

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात एका परीट घरात डेबूजीचा जन्म झाला. पूर्ण नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले होते. दारूनं आधी शेत गेलं, मग शरीर गेलं. डेबू आठेक वर्षांचा असताना ते वारले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे तिचं माहेर, म्हणजे आजचा अकोला जिल्हा.

दापुऱ्यात डेबूनं गुरं राखली, पुढं मामांची शेती अंगावर घेतली. काम असं करायचा की गावातले लोक बघत राहायचे. पण मामा चंद्रभानजी सावकाराच्या कर्जात अडकले, जमीन गेली आणि त्या धक्क्यानं मामाही गेले. सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजीनं त्यांना शेतातून हाकलून दिलं. वऱ्हाडात हा प्रसंग आजही रंगवून सांगतात. व्यसन आणि कर्ज या दोन गोष्टींवर बाबा पुढं आयुष्यभर तुटून पडले, त्याचं मूळ या दोन मरणांत आहे.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणं दारू आणि मटणाचं जेवण द्यायला हवं होतं. डेबूजीनं गोडाचं जेवण घातलं. जातवाले चिडले. त्यानं मागं घेतलं नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यानं घर सोडलं.

इथं थांबायला हवं. चरित्रांमध्ये हा प्रसंग फार लवकर उरकला जातो. घरात कोण होतं? नवऱ्याच्या मागं राबून लेकरू वाढवलेली आई, बायको, मुलं. नंतरच्या पन्नास वर्षांत ज्यानं हजारो कीर्तनांतून माय-बापाला उपाशी ठेवून देवाला नैवेद्य दाखवणाऱ्यांना फैलावर घेतलं, त्यानं स्वतःची आई मात्र मागं ठेवली होती. पुढं हे कुटुंब ऋणमोचनला राहिलं. बाबांनी उभारलेल्या धर्मशाळांच्या पक्क्या खोल्यांत नाही, झोपडीत. लोकांनी दिलेल्या पैशाला घरच्यांचा हात लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. संस्थांच्या कागदपत्रांतही आपला किंवा आपल्या वारसांचा हक्क राहणार नाही, अशी तजवीज करून ठेवली. या नियमाचं कौतुक सगळेच करतात. त्याची किंमत सखुबाई आणि कुंताबाईंनी मोजली, हेही त्याच दमात सांगायला पाहिजे.

ऋणमोचनचा चिखल

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन आहे. पौष महिन्यात दर रविवारी इथं यात्रा भरते. नदीत आंघोळ केली की ऋण फिटतं, अशी श्रद्धा. म्हातारी माणसं, आजारी, अंध, पांगळे, महारोगी असे सगळे इथं यायचे.

पूर्णेचा काठ म्हणजे वऱ्हाडातली काळी माती. ओली झाली की तिच्यावर पाय ठरत नाही. काठावरून पाण्यापर्यंत उतरताना माणसं घसरून पडायची. पुण्य घ्यायला आलेली म्हातारी कंबर धरून घरी जाणार, हा प्रकार. डेबूजीनं त्याकडं बघून प्रवचन केलं नाही, काठावरचं काम हाती घेतलं. लोकांकडून वर्गणी आणि श्रम गोळा करून १९०८ साली पूर्णेवर घाट बांधला. त्यांच्या मोठ्या बांधकामांची सुरुवात इथून झाली.

आजच्या हाडांच्या डॉक्टरला या घाटाचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही. साठी-सत्तरीनंतर हाडं विरळ होतात. बाईची पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत तर ती झीज झपाट्यानं होते. पण नुसतं विरळ हाड बहुतेक वेळा दुखत नाही आणि कळतही नाही. ते कळतं पडल्यावर. मनगट, मणका आणि खुबा या तीन जागा मोडतात आणि खुबा मोडला की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं. म्हणून हाडं सांभाळायची म्हणजे काय खायचं एवढंच नाही, पडू द्यायचं नाही हेही तितकंच आहे. न्हाणीघरातला ओला दगड, अंधारातला उंबरा, सैल चप्पल, रात्री लघवीला उठताना न दिसणारी पायरी. ऋणमोचनचा चिखल आता प्रत्येकाच्या घरात आहे, फक्त त्यावर फरशी बसली आहे.

खराटा, भाकर आणि औषध

घर सोडल्यानंतरची बारा वर्षं बाबा भटकले. ज्या गावी जातील तिथं आधी झाडायला लागायचे. दिवसभर गाव झाडायचं, काम करायचं, तेव्हाच भाकर मागायची. कामाशिवाय फुकटचं अन्न घ्यायचं नाही. खाणं ज्वारीची भाकर आणि चटणी, तीही त्याच गाडग्यात. संध्याकाळी कीर्तन, आणि ते सुद्धा प्रश्नोत्तरांचं. अस्सल वऱ्हाडीत ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. देवाला नवस बोलून पोरं होतात का, कोंबडं कापून रोग बरा होतो का, कर्ज काढून तेरवी घालून मेलेला बाप जेवतो का, असा त्यांचा रोख.

अंगारे-धुपारे, उतारे, अंगात येणं यांवर त्यांनी केलेला मारा हा आरोग्याचाच भाग होता. मांत्रिकाकडं गेलेले दिवस आजाऱ्याच्या वाट्याचे असतात. त्यांच्या कार्याचं सार म्हणून जी दहा कलमं सांगितली जातात, त्यांत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा यांच्या रांगेत अंध, पंगू आणि रोगी यांना औषधोपचार हे कलम आहे. तिथं शब्द औषधोपचार आहे, आशीर्वाद नाही. स्वतःला कुणाचा गुरू म्हणवून घ्यायला आणि पाया पडू द्यायला त्यांचा कायम नकार होता, हे त्याच्याशी जुळतंच.

बाबांनी हाडांचा कुठला काढा सांगितला नाही, त्यामुळं त्यांच्या नावावर फिरणारे नुस्खे दिसले तर तिथंच सोडून द्यावेत. पण त्यांनी आग्रहानं सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी आजच्या वैद्यकाशी जुळतात. दारू ही पहिली. नियमित दारूनं हाड कमकुवत होतं आणि तोलही जातो, म्हणजे दुहेरी नुकसान. अंगमेहनत ही दुसरी. पायांवर शरीराचा भार घेऊन चालणं, उठबस करणं यानं हाड आणि स्नायू दोन्ही टिकतात. खाटेवर बसवून ठेवलेल्या आईची सेवा होत नसते, तिची झीज होत असते.

खाण्याचं म्हणाल तर वऱ्हाडी ताटात थोडी भर घालावी लागते. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारी पोटाला उत्तम, पण तिच्यात कॅल्शियम फार थोडं. १०० ग्रॅम नाचणीत ते ३४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पेलाभर दुधात दोन-अडीचशे. तीळ, दही, ताक, हिरव्या भाज्या, डाळी यांनी उरलेलं भरून निघतं. ऊन तर वऱ्हाडात कमी नाही, पण म्हातारी माणसं घराबाहेर पडतात कुठं? ड जीवनसत्त्व कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. ते रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावं. डिंकाचे लाडू ताकद देतात, पण शुगर असलेल्या बापाला रोज दोन खाऊ घालणं हे प्रेम नाही. कांडवेलीवर, जिला काही जण हाडजोड म्हणतात, अभ्यास झाले आहेत, पण ते छोटे आहेत. मोडलेल्या खुब्याला ती बांधून बसू नये. पडल्यावर माणूस उभं राहू शकत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेर वळलेला असेल, तर तेल चोळायचं नाही, ओढायचं नाही, सरळ एक्स-रे.

दवाखान्याच्या दारात

बाबांच्या स्वतःच्या घरावर आजाराचा घाव १९२३ साली पडला. मुलगा गोविंदा कुत्रा चावल्यानं गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करत होते. निरोप आला, त्यांनी वाचून घेतला आणि कीर्तन पुढं चालू ठेवलं. काहींना यात वैराग्य दिसतं, काहींना कठोरपणा. कुंताबाईंना काय दिसलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पुढची तीस वर्षं बांधकामांची. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय झालं. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना कुणी उतरू देत नव्हतं, तिथं चोखामेळा धर्मशाळा आधीच उभी राहिली होती आणि नंतर ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडं सोपवली. नदीकाठी घाट, अंध-अपंगांना अन्न आणि कांबळी, महारोग्यांची सेवा हे सुरूच होतं. पैसा लोकांचा, हिशेब चोख. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या सगळ्या पसाऱ्यासाठी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली.

आणि मग १९५४ ची जे. जे.जवळची धर्मशाळा. यात बाबांची खरी नजर दिसते. आजाऱ्याला औषध देणारे डॉक्टर शहरात होते, सरकारी दवाखान्यात खर्चही कमी होता. तरी खेड्यातला माणूस तिथं टिकत नव्हता, कारण सोबतच्या माणसाला जागा नव्हती. सोबतचा माणूस टिकला तरच पेशंटचा उपचार पुरा होतो. मोडलेल्या हाडाला आठवडे लागतात, कॅन्सरला महिने. पेशंटच्या उशाशी बसणाऱ्याला झोपायला जागा देणं हासुद्धा उपचारच आहे, ही गोष्ट या निरक्षर माणसाला कळली होती. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या घरच्यांना आसरा देते.

१९५६ साली बाबा ऐंशीचे झाले होते. शरीर थकलं होतं, फिरणं थांबलं नव्हतं. ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडीतून अमरावतीकडं येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. कुठल्या धर्मशाळेत नाही की कुठल्या आश्रमात नाही, रस्त्यावरच.

अमरावतीत जिथं त्यांची समाधी आहे, त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात. विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. ऋणमोचनला मात्र अजून पौषातल्या रविवारी यात्रा भरते आणि म्हातारी माणसं नातवाचा हात धरून पूर्णेत उतरतात.