अटीवरचे एक वर्ष : डॉ. कमला सोहोनी

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. गुणवत्तेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. वडील व काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. जात, घराणे, गुण, सारे काही अनुकूल होते; तरीही अर्ज फेटाळला गेला. संस्थेचे संचालक होते नोबेल मानकरी सर सी. व्ही. रामन, आणि नकाराचे कारण एवढेच की अर्जदार स्त्री होती.

जन्मावरून दार बंद होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हाला अधिक विचार करावासा वाटतो तो यापुढच्या प्रसंगाचा. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि त्यांनी नकाराचे कारण मागितले. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे राहील, संचालकांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता मिळणार नाही, आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. रामन यांच्या विज्ञानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. या अटींपुढे मात्र मान झुकत नाही. कमलाबाईंनी अपमान गिळला आणि श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. आमच्या वसतिगृहातील मुलींच्या ताटात जी डाळ रोज पडते, तिच्या पोषणमूल्याचा हा अभ्यास होता. वर्ष सरले, रामन यांचे समाधान झाले आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींसाठीही उघडले.

१९३६ मध्ये एम.एस्सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना आढळले की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते आणि पेशींतील ऑक्सिडीकरणात त्याचा वाटा असतो. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ मध्ये त्यावर त्यांना पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. पुढे दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला.

मुंबईत डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताडाच्या या ताज्या रसात जीवनसत्त्वे व लोह असते. आदिवासी समाजातील कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिली असता प्रकृतीत सुधारणा होते, असे त्यांनी दाखवून दिले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. ज्या विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक होत्या, तिचे संचालकपद मात्र त्यांना अंतर्गत राजकारणामुळे उशिरा मिळाले. बंगळूरची अट मुंबईत निराळ्या वेषात आली, असे आम्हाला वाटते.

उतारवयात त्या ग्राहक चळवळीत रमल्या आणि अन्नातील भेसळ ओळखण्याच्या, गृहिणीला घरीच करता येतील अशा साध्या चाचण्या त्यांनी लोकांपर्यंत पोहोचवल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.