टिफनी लॅम्पच्या काचा नेमकं कोण निवडायचं?

रंगीत काचांचा लॅम्प म्हटलं की टिफनी हे नाव हमखास येतं. पण त्या काचा निवडायचं कोण?

लुई कम्फर्ट टिफनी यांचा जन्म 1848 चा, न्यूयॉर्कमधला. वडील नामांकित जवाहिरे. लुई मात्र आधी चित्रकलेकडे आणि मग काचेकडे वळले. काचेवर रंग चढवण्यापेक्षा काचच रंगीत हवी, हा त्यांचा आग्रह. 1893 मध्ये क्वीन्समधल्या कोरोना भागात त्यांची भट्टी सुरू झाली. तिथल्या एकाच शीटमध्ये अनेक छटा मिसळलेल्या असायच्या.

त्यामुळे खरी कसोटी निवडीची होती. शीट उजेडासमोर धरायची आणि पाकळीला शोभेल तेवढाच भाग कापायचा. हे काम क्लारा ड्रिस्कॉल यांच्या विभागातल्या महिला करायच्या. लग्न झालं की त्यांना नोकरी सोडावी लागायची. 'विस्टेरिया' आणि 'ड्रॅगनफ्लाय' हे गाजलेले लॅम्प क्लारा यांच्याच कल्पनेतले. नाव मात्र टिफनींचंच झालं.

टिफनी 1933 मध्ये गेले. क्लारा यांची पत्रं अभ्यासकांच्या हाती लागली आणि 2007 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनातून त्यांचं काम लोकांसमोर आलं. तोवर त्यांच्या मृत्यूला साठहून अधिक वर्षं झाली होती.