सागरी व्यापाराचे नियम बदलवणारे शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या दिगंबर जैन समाजाने देशाला जी नररत्ने दिली, त्यांत शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घरचा व्यवसाय सराफी व कापसाचा. परंतु त्यांचे मन त्यात रमले नाही. श्री. फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन त्यांनी आपले कर्तृत्व सिद्ध केले आणि पुढे समुद्राकडे दृष्टी वळविली.

२७ मार्च १९१९ रोजी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज मिळाले, तरी व्यापार मिळाला नाही. परदेशी कंपन्यांनी भाड्याचे दर ठरविण्यासाठी आपला संघ केला होता. त्यास ‘कॉन्फरन्स’ म्हणत. या संघाचे प्रभावी शस्त्र म्हणजे ‘डिफर्ड रिबेट’. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातील काही भाग त्याला सूट म्हणून परत मिळे. मात्र तो लगेच नव्हे, तर काही महिन्यांनी, आणि तोही दरम्यानच्या काळात सर्व माल संघाच्याच बोटींनी पाठविला असेल तरच. एक गासडी जरी दुसऱ्या बोटीत चढली, तरी साठलेली सूट बुडे. व्यापाऱ्याचाच पैसा त्याला बांधून ठेवी. त्यात भाडी एकाएकी उतरविण्याची चाल असे. जमशेटजी टाटांची जहाजसेवा व चिदंबरम पिल्ले यांची १९०६ ची स्वदेशी कंपनी अशाच स्पर्धेत टिकू शकली नव्हती.

सिंदियालाही १९२३ मध्ये बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. कंपनीने किनाऱ्यावरील मालवाहतूक तेवढी करावी, परदेशी मार्गांवर उतरू नये, असे बंधन त्यात होते. वालचंदशेठांना ही अट जाचत होती. परंतु कंपनी जिवंत राहिली तरच पुढचा लढा देता येईल, हे त्यांनी ओळखले.

हा लढा मुख्यतः कायद्यातील शब्दांचा होता. आपल्या किनाऱ्यावरील वाहतूक स्वदेशी जहाजांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार अनेक सागरी राष्ट्रे बजावत होती. तोच भारतालाही मिळावा, हे वालचंदशेठांचे म्हणणे होते. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात तसे विधेयक आणले. पण सरकारच्या विरोधामुळे त्याचा कायदा झाला नाही. पुढे १९३५ च्या कायद्याने तर ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करण्यासच मनाई केली. समान वागणूक हा शब्द दिसावयास न्याय्य. परंतु बलवान व दुर्बल यांना एकाच मापाने मोजल्यास दुर्बलाचाच घात होतो, हे त्यांनी वारंवार मांडले.

जहाजे बांधण्यासाठीही परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये म्हणून विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखाना उभारण्यात आला. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते २१ जून १९४१ रोजी त्याची पायाभरणी झाली, आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ समुद्रात उतरली. स्वातंत्र्यानंतर किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखीव ठेवण्याचे धोरणही सरकारने स्वीकारले. तीन दशकांचा ध्यास याप्रमाणे फळास आला.

८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. वालचंदनगर व सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव आजही सांगतात. परंतु व्यापारी समाजाने त्यांच्याकडून विशेषतः एक गोष्ट घ्यावी. सही करण्यापूर्वी अट समजून घ्यावी, आणि अट अन्यायाची असेल तर ती बदलेपर्यंत धीर सोडू नये. या कर्मयोग्याच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!